पदर टिकेल तितक्या प्रती

दिवाळी सरली, की मी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांकडे संशयाने बघायला लागते. आमच्या राजारामपुरीत दुसरं कुणी हे करत असेल असं वाटत नाही. बाकीच्या बायकांना डाग दिसला की आधी साबणाचा राग येतो. मी मात्र त्या ठिपक्यावर बोट ठेवते आणि हलकेच ओढते. मागे करडी शेपटी उमटली तर ती काजळी. कसबा बावड्याच्या कारखान्यात चिपाडं जळतात, त्यांची राख चिमणीतून उडते आणि वाऱ्याबरोबर फिरते. एवढ्या लांब ती क्वचितच येते, पण येते. मग मी नाक वर करून वास घेते. मळीचा तो आंबूस, गोडसर, थोडा कुजका वास हवेत असला की खात्री पटते, गळिताचा हंगाम सुरू झाला.

खात्री पटल्याशिवाय मी काही मानत नाही. घरात त्यावरून माझी चेष्टा होते. म्हशीचं म्हणून आलेलं दूध मी आधी बोटावर घेऊन बघते, भाजीवाल्याच्या तागडीला खालून वाकून बघते, आणि दुकानदार 'शेवटचा पीस राहिलाय ताई' म्हणाला की मी दुकानाबाहेर पडते. भाची म्हणते, "मावशी, तू ड्रॉइंग टीचर कशाला झालीस? फौजदार व्हायचं की." तिला वाटतं मी जन्मापासून अशी. खरं म्हणजे हे एका कामाचं वळण आहे आणि ते मला लागलं बावड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, नव्वदच्या दशकातल्या एका हंगामात. तिथं दोघी जणी छापचित्रं काढत होत्या आणि तिसरी त्या दोघींवर पाळत ठेवून होती.

छापचित्राचं काम मुळातच अविश्वासाचं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. सुईने जिथं मेण उघडं पाडलंय तिथं अ‍ॅसिड धातू खातं. मग मेण पुसायचं, खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि सगळं दाबाखालून ओढायचं. कागद उचलेपर्यंत आत काय झालंय ते कळत नाही. आणि जे येतं ते उलटं येतं, आरशातल्यासारखं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अ‍ॅसिडने जास्त खाल्लं की कमी, शाई जास्त पुसली की कमी, कागद भिजला की नुसता ओला झाला, या शंका हातांत सतत चालू असतात. निवांत मनाने हे काम करणारी एकही बाई मी बघितली नाही.

त्यात लोकांच्या शंका वेगळ्याच. आमच्या काकांना मी माझी पहिली प्रिंट दाखवली तेव्हा ते म्हणाले, "छापलंय म्हणजे खरं चित्र न्हवं की. मग कॅलेंडरात आन् ह्यात फरक काय?" प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने लिहितात, कितीपैकी कितवी. तो आकडासुद्धा संशयातूनच आलेला. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर सुईने आरपार काट मारायची, म्हणजे पुढे कुणी गुपचूप आणखी काढू नयेत. ही रीत ज्याने पाडली त्याला चित्रकार लोक चांगलेच ओळखीचे असणार.

चित्रकलेच्या कॉलेजात छापखान्याच्या खोलीत आम्ही मुली दोनच, शैला आणि मी. प्रेसच्या चाकाला हात लावला की कुणीतरी मुलगा पुढे व्हायचा, "सोडा, मी फिरवतो." आणि प्रिंट चांगली आली की मास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे विचारायचे, "चाक कुणी फिरवलं?" म्हणजे वाईट आली तर ती आमची आणि चांगली आली तर चाक फिरवणाऱ्याची. शैलाने तेव्हाच ठरवलं, चाक आपलं पाहिजे. ती शरीराने माझ्या निम्मी होती, पण ठरवलं की करायची.

तिचं लग्न होऊन ती बावड्यात गेली. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर. तो शांत माणूस, हंगामात घरी फक्त झोपायला यायचा. घरामागे गुरांच्या पेंडीची शेड होती, त्यातली निम्मी त्याने बायकोला दिली. शैलाने उसाचा रस काढायचा एक जुना चरक भंगारातून उचलला, उद्यमनगरात नेला आणि तिथल्या कारागिराकडून त्याच्या लाटांवरच्या, म्हणजे लोखंडी रुळांवरच्या, खाचा लेथवर उतरवून त्या लाटा गुळगुळीत करून घेतल्या. वर चाक, मध्ये पोलादी पाट, की झाली प्रेस. छापताना कागदावर मऊ फेल्ट लागतं, ते कुठून आणणार. आम्ही घोंगडीचे तुकडे वापरले. आमच्या त्या हंगामातल्या सगळ्या प्रिंट्सच्या मागच्या बाजूला घोंगडीची वीण उमटलेली आहे. अजूनही कुणी एखादी प्रिंट दाखवून आमची म्हणून सांगितली तर मी आधी ती पालथी करते.

मला त्या वर्षी एका शाळेतली नोकरी चालून आली होती. वडलांचं राजारामपुरीत कापडाचं दुकान. ते म्हणाले, "एक हंगाम कर तुझं काय ते. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं तर पुढचं बघू. न्हाईतर शाळा धर." त्यांनी हंगाम का म्हटलं कोण जाणे. दुकानदार माणूस, त्यांना वर्ष कळायचं ते उसाच्या बिलावर गिऱ्हाईक येतं तेव्हा. पण मला ते मोजमाप पटलं. चिमणी पेटल्यापासून विझेपर्यंत.

आता रस्त्यावरून जाताना चौकाचौकात माणसाएवढी फ्लेक्सची पोस्टरं दिसतात. नगरसेवकाचा वाढदिवस, तालमीचा कप, कुणाच्या मुलाचं बारसं. संध्याकाळी फोटो दिला की सकाळी टांगलेला. त्या छपाईत उलटसुलट काही नाही, वाट बघणं नाही, बोटाला काळं लागणं नाही. ते चेहरे बघून मला एवढंच वाटतं की यातल्या कुणालाही आपण कसे छापले जाणार आहोत याची काळजी नव्हती. सगळे हसताहेत. अव्वा असती तर म्हणाली असती, दात मोजून घ्या.

अव्वा म्हणजे शैलाची सासू, आणि आमच्यावर पाळत ठेवणारी तिसरी. माहेर संकेश्वराकडचं, म्हणून घरात सगळेच तिला अव्वा म्हणत. लिंगायत घर. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात रुप्याच्या डबीत लिंग, नऊवारी नेसलेली आणि डोक्यावरचा पदर खिळा मारल्यासारखा पक्का. बोलायची मराठी, राग चढला की कानडीत जायची. त्या भागातल्या कितीतरी बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' म्हणायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचं.

अ‍ॅसिडचा वास गल्लीत गेला तेव्हा शेजारणींनी ठरवून टाकलं की आतल्या बायका सोनं गाळतात. सोनारच अ‍ॅसिड वापरतात ना. एकीने अव्वाला अडवून विचारलंच. अव्वा म्हणाली, "सोनं गाळत असत्या तर माझं हात असं मोकळं असतं काय? बग की." तिने रिकामे हात पुढे केले आणि विषय मिटवला. पण आत येऊन आम्हाला दरडावलं, "खरं सांगा, काय गाळताय?"

शेडच्या दाराशी एक दगड होता. सकाळी नऊ-साडेनऊला त्यावर ऊन यायचं आणि अव्वा तिथं मिसरी लावायला बसायची. तेवढा एकच वेळ असा, की तिचा पदर डोक्यावरून घसरून डाव्या खांद्यावर पडायचा आणि तिच्या लक्षात यायचं नाही. पांढरे, विरळ, तेल लावलेले केस. तोंडात बोट. डोळे अर्धे मिटलेले. वरून राखेचे कण पडत असायचे, एखादा केसांत अडकायचा. मी आतून बघत राहायची. मांडीवर कागद, वर ओढणी, असं करत मी तिची चित्रं काढली. तिला त्याचा वास लागला होताच. "काय गं विजे, माझ्याकडं काय बगत असतीस सारकी?" ती विचारायची. मी म्हणायची, "चिमणी बघते अव्वा." ती मागे वळून चिमणीकडे बघायची, मग माझ्याकडे. तिचा विश्वास बसलेला नसायचा, आणि तो बसू नये हेच बरोबर होतं.

सगळ्यांत चांगलं चित्र मी पत्र्यावर घेतलं. ठसा उलटा येतो म्हणून चित्र आधी उलटं करून घ्यायचं, ही पहिल्या वर्षाची शिकवण. म्हणजे पत्र्यावर पदर उजव्या खांद्यावर, की छापात तो आपोआप डाव्या खांद्यावर जाईल. पहिला ठसा ओढला तेव्हा मी आणि शैला दोघीही कागदावर वाकलो. दगडावर बसलेली ती बाई श्वास घेत होती. शैला एवढंच म्हणाली, "हे लागणार मुंबईला." तिच्या आवाजात आनंद होता की दुसरं काही, ते मला नक्की ठरवता आलं नाही, आणि ते न ठरवता मी घरी गेले.

दोन दिवसांनी परत आले. ठरवून सगळ्या प्रती काढायच्या होत्या. शाई भरली, पुसली, कागद ठेवला, शैलाने चाक फिरवलं. कागद उचलला, आणि अव्वाच्या डोक्यावर पदर होता.

काळाभोर, जाड रेघांचा पदर. उजव्या खांद्यावरून वर चढून सगळं डोकं झाकून कानामागे गेलेला. माझा मूळचा पदर डाव्या खांद्यावर होता तसाच होता. म्हणजे छापात अव्वाला दोन पदर.

मी पत्रा उचलून उजेडात धरला. कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन जस्तावर ओरखडे काढले होते, दाबून, जोर लावून. हंगाम अर्धा संपला होता, दुसरा पत्रा करायला वेळ नव्हता, आणि शेडची किल्ली एकीकडेच होती.

"शैला, हे काय केलंस?"

"मी?"

"किल्ली तुझ्याकडं आहे. तुझा पत्रा अ‍ॅसिडनं खराब झाला गेल्या आठवड्यात. माझा चांगला आला."

तिने प्रिंट हातात घेतली, नीट बघितली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "विजू, डोकं चालव. पदर उजव्या खांद्यावरनं आलाय. मी काढला असता तर उलटा धरूनच काढला असता की. हे उलटं यायचं ज्याला म्हाईत न्हाई, त्याचं काम हाय हे."

आम्ही दोघींनी एकाच वेळी दाराकडे बघितलं. अव्वा उंबऱ्यावर बसून पोतं शिवत होती. दाभण पोत्यातून आत जात होतं, बाहेर येत होतं. तिने मान वर केली नाही.

"मीच केलो," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"अव्वा, अहो ते चित्र मुंबईला जायचं होतं."

"म्हणूनच केलो. गळ्यात लिंग, तोंडात मिसरी आन् डोस्कं उघडं. असं मला मुंबईला धाडतीस व्हय? इचारलंस मला?" मग दाभण माझ्याकडे रोखून ती म्हणाली, "आन् एवढी शिकल्याली तू. पदर कुठल्या खांद्यावर घेत्यात तेबी ठावं न्हाई? उजव्या खांद्यावर घेतलास. मी नीट केलो."

मी तिला समजावलं की पत्र्यावर उजवं ते छापात डावं होतं. तिचा विश्वास बसला नाही. तिने पत्रा आणि प्रिंट शेजारी ठेवून आलटून पालटून बघितलं, बोटाने खांदे तपासले. "म्हंजे तुमी दोगी जे काडता ते समदं उलटं," ती शेवटी म्हणाली, आणि हे आपल्याला आधीपासून वाटत होतं अशा चेहऱ्याने तिने मान हलवली.

मी रडायच्या बेतात होते. आणि तेवढ्यात मला दिसलं की तो पदर चांगला आहे. फार चांगला आहे. अ‍ॅसिडने खाल्लेल्या माझ्या रेघा स्वच्छ आणि कोरड्या होत्या. तिच्या रेघांना मखमलीसारखी काळी लव होती. कारण सोपं आहे. नांगर चालला की तासाच्या कडेला माती उकरून वर येते, तसं दाभणाने जस्त ओरखडलं की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. ती कोर जास्तीची शाई धरते आणि छापात ती मऊ काळोखी उतरते. अव्वाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त डोकं झाकायचं होतं.

पण ही कोर नाजूक असते. प्रत्येक ठशाबरोबर दाबाने ती थोडी थोडी चेपत जाते. मी हे शैलाला हळू आवाजात म्हटलं. अव्वाला हळू आवाजातलं सगळं ऐकू यायचं.

"म्हंजे छापल तसा पदर जाणार?"

"फिका होत जाणार."

"आन् डोस्कं?"

केस मी अ‍ॅसिडला खोल खाऊ दिले होते. ते जाणार नव्हते.

त्या दुपारी जे ठरलं ते आम्हा तिघींत ठरलं. पदर टिकेल तितक्याच प्रती. तो विरळ दिसला की थांबायचं, आणि विरळ झाला की नाही ते अव्वाने ठरवायचं. त्याआधी तिने पहिला ठसा मागितला, उघड्या डोक्याचा. मी तो काढून दिला. तिने तो न बघता घडी घातली आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातला. चांगला जाड कागद, जळायला वेळ लागला. ती पार राख होईपर्यंत बंबापाशी बसून राहिली, आणि उठताना म्हणाली, "आनि एक असल तुझ्याकडं." नव्हता. पण नसलेली गोष्ट दाखवणार कशी?

प्रती काढल्या त्या दिवशी तिने प्रेसशेजारी पाट मांडला. वरून काजळी झिरपू नये म्हणून छपराच्या भोकं पडलेल्या पत्र्याखाली आम्ही तिच्याच जुन्या नऊवाऱ्या छतासारख्या बांधल्या होत्या. हिरवा, चॉकलेटी, तपकिरी उजेड खाली यायचा. मी शाई भरायची, शैला चाक फिरवायची, मी कागद उचलायची आणि अव्वापुढे धरायची. ती आधी पदर बघायची, मग माझं तोंड. "हं," म्हणायची. तो 'हं' मिळाला की पुढचा कागद. पाचव्या-सहाव्या प्रतीला तिने कागद उन्हाला धरायला लावला. त्यानंतरच्या प्रतीला पदराच्या रेघांची लव गेली होती आणि आतून भांग दिसायला लागला होता.

"बास," ती म्हणाली.

मला आणखी एक-दोन प्रती चालतील असं वाटलं होतं. चेहरा तर तेव्हा कुठे रंगात आला होता. पण तिच्या आवाजाला अपील नव्हतं. ती शेवटची प्रत तिने बंबाकडे नेली आणि मी पत्रा ओट्यावर ठेवून सुई उचलली.

"आता काय करतीस?"

"काट मारायची अव्वा. रीत असते. म्हणजे परत कुणाला छापता येत नाही."

"कुठं मारतीस काट?"

मी दाखवलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

तिने पत्रा माझ्या हातातून ओढून घेतला. "माझ्या तोंडावर काट मारतीस? जित्तेपणी?"

आता आली का पंचाईत. काट मारायची नाही, आणि बिनकाटेचा पत्रा माझ्याकडे ठेवायला ती तयार नाही. सुनेकडेही नाही. "तिचा बी काय भरवसा. तुझीच मैत्रीण ती." शेवटी तिनेच तोड काढली. पत्रा तिच्या ट्रंकेत. प्रेस शैलाच्या शेडमध्ये. आणि शाईचा डबा मी राजारामपुरीला न्यायचा. एकीवाचून दुसरीला काही करता येऊ नये. मी डबा पिशवीत घालून सिटी बसने घरी आले तेव्हा मला हसू येत होतं. आज वाटतं, आमच्यासारख्यांच्या कामाला एवढी चोख व्यवस्था दुसऱ्या कुणी लावून दिली नाही.

प्रिंट मुंबईला लागली. उद्घाटनाला मी आणि वडील गेलो. परीक्षकांपैकी एक गृहस्थ चित्रासमोर बराच वेळ उभे होते. त्यांनी मला विचारलं, "दोन्ही खांद्यांवरून वस्त्र घेण्याची कल्पना कशी सुचली? आणि या रेघा, हे तंत्र कुठं शिकलात?" मी म्हटलं, "बावड्यात. एका बाईंनी दाभणानं काढल्यात." ते मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांनी वडलांकडे बघून विचारलं, "प्रेस फार जड असते हो. चाक कोण फिरवतं?"

वडलांनी शब्द पाळला. मला पुढचा हंगाम मिळाला आणि त्याच्या पुढचाही. मग ते थांबलं, आणि कसं थांबलं ते मला आजही धड सांगता येत नाही. आम्हाला कुणी अडवलं नाही. हेच मला सगळ्यांत संशयास्पद वाटतं. शैलाचा मुलगा रांगायला लागला तेव्हा अ‍ॅसिडच्या बाटल्या माळ्यावर गेल्या, मग घराबाहेर. शाळेची नोकरी मी 'तात्पुरती' धरली. एका पावसाळ्यात पेंडीची पोती भिजायला लागली म्हणून ती प्रेसवर रचली, कारण प्रेस जमिनीपासून उंच होती. पोती उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही, त्यात माझंही मन होतं. आमच्या पुढेमागे शिकलेल्या चार-पाच जणी माझ्या ओळखीच्या आहेत. सगळ्यांच्या पलंगाखाली प्रिंट्सचं भेंडोळं आहे आणि सगळ्या सांगतात की जरा मोकळीक मिळाली की परत सुरू करायचंय. रंगपेटी कपाटात मावते. छापखान्याला शेड लागते, आणि शेड नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी हवी असते.

बावड्याला मात्र मी जात राहिले, दर हंगामात एकदा तरी. अव्वा दगडावर असायची, पदर डोक्यावर. मी फाटक उघडलं की तिचा प्रश्न तयार, "छापत न्हाईस न्हवं कुठं?"

"कशावर छापू अव्वा? पत्रा तुमच्याकडं."

"आन् ते काळं?"

"शाई घरी आहे."

"वाळली आसल."

"वाळली."

"हं," ती म्हणायची. त्या 'हं'मध्ये समाधान नसायचं. मलाही तिच्याबद्दल शंका होतीच. पत्रा तिने कधीच भंगारवाल्याला घातला असेल असं मला वाटायचं. विचारायचं धाडस नव्हतं. शैलाला वाटायचं माझ्याकडे लपवलेली एक प्रत आहे. अशा रीतीने आम्ही तिघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या चांगल्या संबंधात राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात अव्वा गेली. हंगाम संपला होता, चिमणी थंड होती. मातीला मी गेले होते, पण तेव्हा पत्र्याचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. दिवाळीनंतर, कपड्यावर पहिला ठिपका दिसला त्याच आठवड्यात, शैलाचा फोन आला.

"अव्वाची ट्रंक उघडली. तुझी प्लेट हाय. ह्यांना भिंतीवर लावायला अव्वाचा चांगला फोटो पायजे, आन् फोटो हाय तो निवडणूक कार्डावरचा. एक प्रत काढायची काय?"

मी शिवाजी पेठेतल्या एका ओळखीच्या छापखान्यातून काळ्या शाईचा नवा डबा घेतला आणि बावड्याला गेले. शैलाने पोती उतरवून ठेवली होती. लाटांवर गंज होता, तो रॉकेलने पुसला. घोंगडीला कसर लागली होती, तरी एक तुकडा धड निघाला. पत्रा जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. सोडताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. कापडात दाभण खोचून ठेवलेलं होतं.

मी पत्रा खिडकीपाशी नेला. इतक्या वर्षांत जस्त काळवंडतं, तसं ते काळवंडलं होतं. चेहरा मळकट, लिंगाची डबी मळकट, मिसरीचं बोट मळकट. पदर मात्र लखलखत होता.

"तू हात लावलास?" मी विचारलं. सवय.

"मी कशाला लावू?" शैला म्हणाली, आणि तीही वाकून बघायला लागली.

तिने सांगितलं ते असं. हंगाम सुरू झाला की अव्वा एक दिवस दुपारी दार लोटून घ्यायची. आतून खरखर आवाज यायचा. शैलाला वाटायचं म्हातारी तवा घासतेय, नाहीतर ट्रंकेचा गंज काढतेय. विचारलं की म्हणायची, "माझं काम करतो."

आम्ही शाई भरली. पुसताना तळहाताला पदराच्या रेघा लागत होत्या, खरखरीत, वर आलेल्या. त्या एका वर्षाच्या नव्हत्या. एकाखाली एक, जुनी रेघ चेपलेली, तिच्यावर नवी, तिच्यावर त्याहून नवी. काही थरथरत गेलेल्या, त्या अलीकडच्या असणार. पदर जातो हे आम्हीच तिला सांगितलं होतं. आम्ही छापणार नाही यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती दर वर्षी तो पुन्हा डोक्यावर घेत होती. चेहऱ्याला तिने एकदाही दाभण लावलं नव्हतं. तोंडातलं बोटही तसंच ठेवलं होतं. मिसरीची लाज तिला कधी वाटलीच नसावी.

शैलाने चाक फिरवलं. ती आता पन्नाशीकडे झुकलेली, चाक जड गेलं, पण तिने मला मदतीला येऊ दिलं नाही. मी कागद उचलला. पदर इतका काळा आणि इतका मऊ आला होता, की आमच्या त्या हंगामातल्या पहिल्या प्रतीतही तो तसा नव्हता. आम्ही दोघी शिकलेल्या, प्रदर्शनात लागलेल्या, आणि आम्ही सुई खाली ठेवून वीस वर्षं होत आली होती. त्या शेडमधलं काम ज्या एका बाईने चालू ठेवलं होतं, तिचा कामावरच विश्वास नव्हता. मला रडू आलं. शैला आधीपासूनच रडत होती.

"आनि एक काढायची?" तिने पदराने नाक पुसत विचारलं. "तुला एक?"

मला हवी होती. फार हवी होती. मी कागद उन्हाला धरला आणि पदर बघितला. अजून चार-पाच प्रती सहज निघाल्या असत्या.

"बास," मी म्हटलं.

पत्रा आम्ही रॉकेलने पुसला, इरकलीत गुंडाळला, दाभण होतं तिथं खोचलं आणि ट्रंकेत ठेवला. काट मारायचा विषय दोघींनीही काढला नाही. शैलाने ट्रंकेला कुलूप घातलं. प्रिंट दोरीवर ओली होती, वरून एक-दोन कण पडले असतील. निघताना मी शाईचा डबा हातात घेतला तसं शैला म्हणाली, "आगं ऱ्हाऊ दे की हितंच. परत आणायला नको."

मी डबा पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले. तो तिथं ठेवून कसं चाललं असतं? अव्वाने पहिलं तेच विचारलं असतं.